साडेचारचे पाच

रोलो पेंगेली ऑगस्टमध्ये गेला. त्याचं यंत्र त्यानंतर सतरा महिने बोलत राहिलं आणि जानेवारीच्या अकरा तारखेला बंद पडलं. रोलो गेला तेव्हा त्याच्या बायकोने, थियाने, रोपवाटिकेतून चार दिवसांची रजा घेतली होती. यंत्र गेलं तेव्हा आठ दिवसांची घेतली. रोपवाटिकेचा मुकादम क्लेम याच्या हे लक्षात आलं, पण तो काही बोलला नाही. बेटावर साडेतीनशे-चारशे माणसं. कशावर बोलायचं नाही, हे इथे सगळ्यांना कळतं.

यंत्र म्हणजे तळहाताएवढा एक कॉम्प्युटर. एकच उघडा बोर्ड, त्यात नखाएवढं कार्ड, आणि वर रोलोच्या बोटशेडच्या आढ्याला टांगलेला भोंगा. रोज संध्याकाळी लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडच्या उथळ समुद्राचं, पाणी पुढे कधी फिरणार ते हे यंत्र रोलोच्या आवाजात सांगे. आधी भरती की ओहोटी, मग वेळ आणि शेवटी, "थिया, केटल ठेव." भोंगा मोठा होता. रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेत, केंटिया पामच्या रोपांमध्ये वाकलेल्या थियाला ते स्पष्ट ऐकू येई. ती हात धुऊन निघे. तिचा दिवस रोलोच्या आवाजाने संपे.

खाऱ्या हवेने बोर्ड खाल्ला. त्या जातीचा बोर्ड आता कुणी बनवत नाही. थियाने नवा मागवला. तो पंधरवड्याच्या जहाजाने आला, पण जुनं कार्ड त्यात घातल्यावर पडद्यावर काहीच उमटलं नाही. मग फेब्रुवारीच्या शेवटी ती कार्ड आगपेटीत घालून नेरिडाकडे गेली.

नेरिडा बेटाच्या उपग्रह-जोडणीचं आणि हवामान कचेरीतल्या कॉम्प्युटरचं काम बघते. चव्वेचाळीस वर्षांची. तिला मुख्य भूमीवरून येऊन दोनच वर्षं झाली होती, म्हणजे अजून पाहुणीच. विमानतळाकडे राहते. तिथवर रोलोचा भोंगा पोचत नसे.

तिने कार्डाची प्रत काढून बघितली. "प्रोग्रॅम यानं स्वतःच लिहिलाय," ती म्हणाली. "पण इथं फक्त यंत्राला कळेल असा तयार झालेला आहे. लिहिलेला मजकूर कुठंय?"

"लिहिलेला त्याच्या जुन्या लॅपटॉपवर होता. तो एकदा त्याच्या हातून होडीतून पाण्यात पडला."

"कमाल आहे. आवाजाचे तुकडे मात्र सगळे आहेत. चौसष्ट. ते हवे असतील तर आत्ता देते."

तिने एक वाजवला. "सात," रोलो म्हणाला. दुसरा वाजवला. "ओहोटी." तिसरा वाजवला. "नऊ." या नऊच्या पाठीमागे दाराची बिजागरी करकरली.

"ती मी," थिया म्हणाली. "कपाटात बसून बोलत होता, आवाज घुमू नये म्हणून. मला वाटलं कपाटात उंदीर शिरला. दार उघडलं तर हा, मांडीवर माईक घेऊन. परत म्हण म्हटलं तर म्हणाला, राहू दे, बरं वाटतंय."

नेरिडाने आणखी दोन-तीन तुकडे वाजवले. थियाने हाताने थांबवलं.

"हा शब्दकोश झाला. मला नवरा हवाय."

"तो माझ्या खात्यात येत नाही, थिया."

"मग वाक्य तरी दे. पूर्ण. तो बोलायचा तसं."

नेरिडाने थोडा विचार केला. "बोर्ड मिळणार नाही. बोर्डाचं सोंग आणता येईल. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम चालवायचा, तो आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो की मीच तो जुना बोर्ड. ती त्याच्यावर विश्वास ठेवून उठते."

"तिला कळत नाही?"

"सोंग नीट वठलं तर नाही."

"रोलोला कळलं असतं."

"रोलोनं मला चार शिव्या घातल्या असत्या. मग खुर्ची ओढून शेजारी बसला असता. असंच ऐकलंय मी त्याच्याबद्दल."

थिया हसली नाही. आगपेटी खिशात ठेवता ठेवता म्हणाली, "एप्रिलच्या आत होईल?"

"घाई आहे?"

"एप्रिलच्या पहिल्या रविवारच्या आत."

लग्नाचा वाढदिवस असेल असं समजून नेरिडाने पुढे विचारलं नाही. इथे तिची चूक झाली, असं ती नंतर म्हणाली. पण तिच्या जागी मुख्य भूमीवरचं कुणीही तेच समजलं असतं.

कामाला चार आठवडे लागले. कचेरीचं काम संपल्यावर नेरिडा रोज तासभर बसे. पहिल्या आठवड्यात नकली बोर्ड कार्डाची प्रत घेईनाच. त्याला कार्डाचं माप गोल आकड्यात लागतं आणि ही प्रत आठ जीबीला किंचित कमी भरत होती. शेवटी रिकामी जागा जोडून ती पुरी केली. दुसऱ्या आठवड्यात पडदा काळाच राहिला. खऱ्या बोर्डात सुरुवातीचं काम एक वेगळी चिप करते, नकलीत ती चिपच नसते. म्हणून सिस्टिमचा गाभा आणि बोर्डाच्या भागांची यादी कार्डातून बाहेर काढून नकली बोर्डाच्या हातात द्यावी लागली. तिसऱ्या आठवड्यात अक्षरं धावू लागली आणि एका जागी थांबली. ती का थांबली हे शोधण्यात पाच दिवस गेले. कारण एका अक्षराचं होतं, आणि ते अक्षर नेरिडानेच चुकवलं होतं.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी सिस्टिम पूर्ण उठली. नेरिडा सायकलने रोपवाटिकेत गेली आणि थियाला घेऊन आली. पडद्यावर रोलोच्या नावाखाली एक ओळ होती. शेवटी तारीख आणि वेळ. अकरा जानेवारी, दुपारचे तीन वाजून सतरा मिनिटं.

"आज मार्च आहे," थिया म्हणाली.

"या बोर्डात घड्याळाचा सेल नसतो. सिस्टिम अधूनमधून वेळ लिहून ठेवते आणि उठल्यावर तिथूनच मोजायला लागते. इंटरनेट मिळालं की खरी वेळ कळते. मी अजून जोडलेलं नाही."

"म्हणजे ती बंद पडली होती हे तिला माहीतच नाही."

"नाही. तिच्या लेखी मधे काही झालंच नाही."

थिया त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. तीन सतराचे तीन एकोणीस झाले. मग म्हणाली, "खरी वेळ दे तिला. आजची भरती सांगायला हवी."

एक काम उरलं होतं. नकली बोर्डाला आवाज बाहेर काढायची सोय नव्हती. शब्द जोडून झालेलं वाक्य एका फाइलमध्ये उतरवायचं आणि ते लॅपटॉपने भोंग्यावर वाजवायचं, असा मार्ग नेरिडाने काढला. दोन दिवस कचेरीत चालवून बघितला. दोन्ही दिवस यंत्र बोललं, पण साडेचारला. प्रोग्रॅममध्ये वेळ पाचची होती, हे तिला फाइलींच्या नोंदींतून कळलं होतं. घड्याळ बरोबर, तारीख बरोबर, भरतीची वेळही मिनिटापर्यंत बरोबर. बोलणं तेवढं अर्धा तास आधी.

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. संध्याकाळी उजेड लांबावा म्हणून काही देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे सरकवतात; आम्ही आमच्या उन्हाळ्यात, ऑक्टोबर ते एप्रिल, अर्धाच. मुख्य भूमीवरच्या यंत्रांना हे माहीत नसणार अशी रोलोची खात्री होती, म्हणून तो अर्धा तास त्याने प्रोग्रॅममध्ये स्वतःच जोडला. सिस्टिमला ते माहीत होतं. तिनेही जोडला. भरतीची कोष्टकं हिवाळी वेळेत असतात, त्यांना रोलोचा अर्धा तास हवाच होता. घड्याळाला तो दुसऱ्यांदा मिळत होता. म्हणून यंत्राचे पाच साडेचारलाच वाजत. ही चूक जगात फक्त आमच्याच बेटावर करता येते.

उपाय एका ओळीचा होता. सिस्टिमला बाराही महिने हिवाळी वेळ पाळायला सांगायची, मग रोलोचा अर्धा तास एकदाच मिळतो. नेरिडाने ती ओळ बदलली. गुरुवारी दिवसभर तपासलं. यंत्र बरोबर पाचला बोललं, आणि चांगलं काम झाल्यावर माणूस निवांत होतो तशी ती निवांत झाली.

पुढच्या मंगळवारी तिने लॅपटॉप बोटशेडमध्ये नेला. पहिला रविवार पाच दिवसांवर होता. खाली लगून, समोर डोक्यावर ढग घेतलेला गाउअरचा डोंगर. थियाने त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती आणि चार वाजल्यापासून उलट्या बादलीवर बसली होती. साडेचारला ती उठून उभी राहिली.

"अजून अर्धा तास आहे," नेरिडा म्हणाली. "बस."

थियाने तिच्याकडे बघितलं आणि बसली.

पाचला भोंगा खरखरला. "ओहोटी. दहा. वाजून. पंचेचाळीस. मिनिटांनी," रोलो म्हणाला. शब्दांच्या मधे श्वासाएवढी जागा होती, पूर्वी होती तेवढीच. "थिया, केटल ठेव."

नेरिडा वाट बघत राहिली. थियाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एखाद्याला हाक मारावी आणि अनोळखी माणसाने मागे वळून बघावं, तशी ती भोंग्याकडे बघत होती.

"किती वाजले?"

"पाच. बरोब्बर. आधी साडेचारला बोलत होतं, ते मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त केलंस," थिया म्हणाली.

"चूक होती त्याची. अर्धा तास दोनदा धरला होता."

"माहितीय मला. पहिल्याच ऑक्टोबरात कळलं होतं. मी हात धुऊन आले तर हा इथं डोकं धरून बसलेला. म्हणाला, चुकलं, रात्री दुरुस्त करतो. मी म्हटलं, आता आलेच आहे तर चहा घेऊ. मग केलंच नाही दुरुस्त. एकोणीस उन्हाळे."

"आणि क्लेम तुला अर्धा तास आधी सोडायचा?"

"क्लेम दर वर्षी विचारायचा, थिया, तुझा नवरा घड्याळ कधी नीट लावणार? मी म्हणायची, त्याला वेळ मिळाला की. साडेचारचे पाच, असं म्हणायचे सगळे आम्हाला. 'साडेचारचे पाच झाले, निघाली बघा.'"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विमानतळाकडे राहतेस."

"काय करायचात त्या अर्ध्या तासात?"

"काही नाही. इथं पायरीवर बसायचो. तो जाळ्याची भोकं बघायचा, शिवायचा नाही. पाच वाजले की उठायचो. पाचनंतर घरची कामं असतात." थियाने बादलीच्या कडेवरून बोट फिरवलं. "तू चांगलं केलंस हे. आवाज त्याचाच आहे. पण पाचला मला कुणीही बोलावेल, नेरिडा. पाचला क्लेमसुद्धा घरी पाठवतो."

नेरिडाने लॅपटॉप मांडीवर घेतला. ती ओळ शोधली आणि पूर्वीसारखी केली. याला मिनिटसुद्धा लागलं नाही.

"पहिला रविवार म्हणजे हे होय," ती म्हणाली. "रविवारी घड्याळ मागे जाणार."

"हो. मग अर्धा तास कुठलाच जोडायचा नसतो. मग तो बरोबर असतो."

"थिया, मी त्याला कायम उन्हाळ्यात ठेवू शकते. एका ओळीचं काम आहे. वर्षभर साडेचारला बोलेल."

खाली पाणी उतरायला लागलं होतं आणि कुणाची तरी होडी दोरीशी हळूहळू वळत होती.

"नको," थिया म्हणाली. "तसं त्यानं केलं नव्हतं."

बुधवारी साडेचारला भोंगा बोलला. रोपांच्या ओळींमध्ये चार माणसं होती. चौघांनी माना वर केल्या आणि कुणीही थियाकडे बघितलं नाही. तिने हात धुतले. फाटकाशी क्लेम उभा होता.

"साडेचारचे पाच झाले वाटतं," तो म्हणाला.

"झाले."

"तुझ्या नवऱ्याला सांग, घड्याळ नीट लाव."

"सांगते."

गुरुवारी आणि शुक्रवारीही असंच झालं. तिन्ही दिवस ती पायरीवर बसली. चहा प्यायली आणि पाच वाजता उठली. शुक्रवारी नेरिडा वरच्या रस्त्याने सायकलवरून जात होती. तिने थियाला बघितलं आणि हाक न मारता पुढे गेली.

रविवारी बेटावरची घड्याळं अर्धा तास मागे आली. सोमवारी साडेचारला थिया रोपांत उभी राहिली. हातात एक रोप होतं, मुळांना माती.

"जायचं तर जा," क्लेम मागून म्हणाला. "आजच्या दिवस."

"नाही. अजून बोलावलं नाही."

ती परत वाकली. त्या अर्ध्या तासात तिने एकवीस रोपं कुंड्यांत लावली. पाच वाजता सगळे हात धुवायला निघाले, आणि त्याच वेळी बोटशेडकडून आवाज आला. "भरती. नऊ." पाठीमागे कपाटाचं दार करकरलं. थिया नळाशी थांबली. "वाजून. चार. मिनिटांनी."

"थिया, केटल ठेव."

"आले," ती म्हणाली. ऑक्टोबरला सहा महिने होते.