माझ्यावर उभ्या राहिलेल्या हवाईसुंदऱ्या

मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानातला पारड्यांचा नव्हे. ज्यावर माणूस उभा राहतो आणि पायाशी खिडकीत आकडा बघतो, तो. मित्रांनो, खरं बोलून माझ्याइतक्या शिव्या खाल्लेलं दुसरं कुणी तुम्हाला भेटायचं नाही.

माझा जन्म महापेच्या एका शेडमधला. पत्रा कापून, वाकवून, पोटात स्प्रिंगा बसवून आणि पाठीवर खडबडीत रबर चिकटवून मला तयार केलं. माझ्या कडेला एक दातेरी चाक आहे. रिकामा असताना काटा शून्यावर नसेल, तर ते चाक फिरवून तो शून्यावर आणायचा, एवढंच त्याचं काम. पण माणसाच्या हाती चाक दिलं की तो एवढ्यावर कुठला थांबतोय!

शेजारच्या कारखान्यात नंदकिशोर नावाचे गृहस्थ हिशेबखात्यात होते. त्या दिवाळीला त्यांच्या मालकांनी मिठाईऐवजी सगळ्यांना वजनकाटे वाटले. मला बगलेत मारून ते नेरूळला घरी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी वैशालीताईंनी डोक्याला हात लावला. लोकांचे मालक डबे देतात, चादरी देतात, तुमच्या मालकांना आम्ही जाड दिसतो का, असं त्यांनी विचारलं आणि मला न्हाणीघरात बादलीमागे ढकलून दिलं.

माझं नशीब उघडलं, किंवा फुटलं म्हणा, ते त्यांच्या मुलीमुळे. गीतांजली नुकतीच बी.कॉम. झाली होती. तेव्हा नव्या नव्या खासगी विमान कंपन्या निघत होत्या आणि पेपरात हवाईसुंदऱ्यांसाठी जाहिराती येत होत्या. उंची इतकी, वजन तितकं, रंग स्वच्छ, दात सरळ, अविवाहित. नंदकिशोरांनी ती जाहिरात मोठ्याने वाचली आणि चष्मा काढून विचारलं, ही नोकरी आहे की स्थळ?

गीतांजलीने मात्र अर्ज धाडला आणि मला बादलीमागून बाहेर ओढलं. तेव्हापासून माझा छळ सुरू झाला. ती उठल्याबरोबर माझ्यावर उभी राही, आंघोळीआधी राही, आंघोळीनंतर केस पिळून पुन्हा राही. बांगड्या उतरवून बघे. टॉवेलच्या दांडीला धरून एका पायावर उभी राही. अहो, दांडीला लोंबकळून आकडा कमी दिसला, तर वजन काय दांडीने घेतलं? आकडा आवडला नाही की मला लाथ. भूक लागली की काकडी. वैशालीताई ताट घेऊन मागे फिरायच्या आणि ती मान हलवायची. एकदा ती न्हाणीघरातच चक्कर येऊन भिंतीला टेकली. ते मी पाहिलं, पण सांगणार कुणाला?

वरच्या मजल्यावर स्मिता राहायची. ती एका खासगी कंपनीत दोन वर्षं उडत होती. तिची कंपनी दर महिन्याला वजन करायची. ठरल्यापेक्षा जास्त भरलं, की उड्डाण बंद आणि उड्डाणाचा भत्ताही बंद. म्हणून तपासणीच्या आधी ती आमच्याकडे यायची, चपला काढून गुपचूप माझ्यावर उभी राहायची, श्वास रोखून. श्वासाला वजन असतं अशी या पोरींची समजूत कुणी करून दिली होती कोण जाणे!

चक्कर येण्याच्या प्रकारानंतर एका दुपारी वैशालीताई एकट्याच न्हाणीघरात आल्या. खाली बसल्या, माझं चाक थोडं मागे फिरवलं आणि पदराला हात पुसून निघून गेल्या. माझा काटा आता शून्याच्या अलीकडे बसू लागला. रिकाम्या काट्याकडे कोण बघतं? गीतांजली टुणकन उडी मारून उभी राहिली, आकडा पाहिला आणि आनंदाने ओरडलीच. त्या रात्री ती पोटभर जेवली. आईचं काम झालं. माझी अब्रू गेली, तिची चिंता कुणाला?

पण त्याच आठवड्यात स्मिता आली. मी तिलाही खोटं सांगितलं. तीही खूश झाली, वैशालीताईंनी पुढे केलेले दोन बेसनाचे लाडू तिने निवांत खाल्ले आणि नंतरचे काही दिवस नेहमीसारखं उपाशी राहिली नाही. कंपनीच्या यंत्रावर ती जास्त भरली आणि तिचं उड्डाण बंद झालं.

ती खाली आली ती सरळ न्हाणीघराच्या दारात. माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. काटा शून्याच्या अलीकडे होता, ते तिच्या लक्षात आलं. गीतांजलीने मला उचललं आणि भंगार, भंगार म्हणत कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

“काट्याला नको बोलूस,” वैशालीताई म्हणाल्या. “चाक मी फिरवलंय. पोरगी जेवत नव्हती गं, स्मिता. तू पण बघशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

स्मिता पाटावर बसली, पाय चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, “काकू, टेन्शन नका घेऊ. एका किलोने विमान पडत नाही. पडते ती मीच.”

आणि मग तिने गीतांजलीला सगळं सांगितलं. पहाटेच्या उड्डाणाला कंपनीची गाडी येते, पण ती खाडी ओलांडून इकडे नेरूळला येत नाही. मुंबईतल्या मुलींना दारातून नेतात, स्मिताला मात्र अंधारात आपलं आपण खाडीपलीकडचं चेंबूर गाठावं लागतं. ताप आला तर आधी विचारतात, खरंच आहे का? लग्न केलं की करार संपला. मग मी अर्ज केलाय ती आखाती विमान कंपनी चांगली का, असं गीतांजलीने विचारलं. पगार दुप्पट, असं स्मिता म्हणाली, पण राहायचं त्यांच्या इमारतीत, बाहेर जायचं त्यांना विचारून आणि पासपोर्ट त्यांच्या कपाटात. इथे वजन मोजतात, तिथे येण्याजाण्याच्या वेळा.

गीतांजलीची स्मिताच्याच कंपनीत शेवटची मुलाखत होती. साहेबांनी शेवटी विचारलं, काही शंका? तिने विचारलं, गाडी खाडीपलीकडे येईल का आणि आजारपणाच्या रजेचा पगार मिळेल का? नवीन मुली असं विचारत नाहीत, असं सांगून त्यांनी तिला हसून निरोप दिला. पुढे काही कळवलंच नाही. आखाती कंपनीने मात्र निवडलं. त्यांच्या अटी घेऊन बापलेक रात्रभर बसले आणि तिने नकार कळवला. सोसायटीत लोक तिला वेडी म्हणाले. वैशालीताईसुद्धा दोन दिवस धड बोलल्या नाहीत. कित्येक महिने ती घरात बसून होती आणि एवढे महिने तिने मला हातही लावला नाही.

मग एका लहान कंपनीने तिला घेतलं. विमानं छोटी, पगार बेताचा, पण गाडी नेरूळच्या दारात यायची आणि उडायचं की नाही ते डॉक्टर ठरवायचे. पहिल्या आठवड्यात ती सुजलेले पाय घेऊन घरी आली, पाणी गरम केलं, पाय बुडवून बसली आणि भातावर भात घेऊन जेवली. स्मिताने पोट मारून पुन्हा उड्डाण मिळवलं होतं. वर्षभरात तीही गीतांजलीच्या कंपनीत आली.

माझं चाक नंदकिशोरांनी नीट जागेवर आणलं. पण त्यानंतर मला विचारतो कोण? माझ्यावर प्रवासाच्या बॅगा तोलल्या, एकदा तर लोणच्याची बरणी ठेवली. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने पत्र्याला गंज चढला आणि मी माळ्यावर गेलो.

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखा कुणी असेल तर ओल्या पायांनी त्याच्यावर चढू नका. सपाट फरशीवर ठेवा, कोरडा पुसा, चाकाला हात लावू नका. आकडा बघा, खाली उतरा आणि जेवायला जा. आणि उद्या कुठल्या नोकरीसाठी रोज काट्यावर उभं राहायची वेळ आली, तर सही करण्याआधी आजारपणाची रजा विचारून घ्या. साहेब हसले तर हसू देत.