घराला जागा किती लागते

मोटारी बनवणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवत मात्र ते कुणालाच काही नसत. गाडी पत्र्याची होण्याआधी ती मातीची करावी लागते, आणि ती माती मास्तरांच्या हाताखालून जायची. तपकिरी, मेणासारखी, भट्टीत तापवून मऊ केलेली माती. ती सांगाड्यावर थापायची आणि पोलादी पट्टीने खरवडत खरवडत खऱ्या मापाची अख्खी गाडी उभी करायची. डिझायनर पोरं कागदावर एक रेघ ओढून मोकळी होत. ती रेघ पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत कुठेही न अडखळता नेणं मास्तरांकडे असायचं.

हे सगळं गुपित. गाडी बाजारात येईपर्यंत घरी एक अक्षर काढायचं नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती. मास्तरांनी ती इतकी इमानदारीने पाळली, की कामाबद्दल न बोलता बोलता ते घरी बाकीचंही बोलेनासे झाले. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नव्हतं. जेवायचे, बापाची चौकशी करायचे, झोपायचे. सगळं छान चाललंय असं त्यांना मनापासून वाटायचं.

गेली काही वर्षं ते एकाच गाडीत रमले होते. स्टेशन वॅगन. बुटकी, लांब पाठीची, छत शेवटपर्यंत सरळ गेलेलं, मागचं दार वर उचललं की अर्धं बिऱ्हाड आत मावावं अशी. एके काळी लेकुरवाळ्या घरांची ती ठरलेली गाडी होती. मग उंच गाड्या आल्या. लोकांना उंचावरून रस्ता बघायची चटक लागली, आणि एकेका कंपनीने वॅगनचा गाशा गुंडाळला. मास्तरांच्या कंपनीने शेवटचं एकदा नशीब अजमावायचं ठरवलं होतं, आणि आज त्याचा निकाल लागायचा होता.

त्यासाठी एक हॉल भाड्याने घेतला होता. खिडक्यांना काळे पडदे. मधोमध तीन गाड्या, एकीवरही कंपनीचं नाव नाही. एक मास्तरांची वॅगन, आता पत्र्यात उतरलेली, दुसरी उंच गाडी आणि तिसरी खोक्यासारखी सात-आसनी. एका बाहेरच्या संस्थेने फोन करून करून साधी कुटुंबवाली माणसं गोळा केली होती. ती एकेक करून आत यायची, गाड्यांत बसायची, दारं उघडायची, आणि संस्थेची एक तरुण मुलगी त्यांना प्रश्न विचारायची. एका भिंतीला मोठा आरसा होता. आलेल्यांना तो आरसा वाटायचा, पण पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून ती नुसती काच होती. तिथे डिझाइनचे साहेब, विक्री सांभाळणाऱ्या मॅडम आणि मास्तर असे तिघं कॉफीचे कप घेऊन बसले होते.

सकाळ वाईटच गेली. एक गृहस्थ वॅगनमध्ये बसले आणि लगेच उतरले. "ही माझ्या वडिलांची गाडी झाली हो," ते म्हणाले. एक बाई म्हणाली, "सोयीची आहे, पण हिच्यातून उतरले की मैत्रिणी म्हणतील, संपली बिचारी!" विक्रीच्या मॅडमनी हसून साहेबांकडे पाहिलं. वॅगन बंद करा असं त्या कधीपासूनच म्हणत होत्या. मास्तर आपले नखांत अडकलेली माती काढत राहिले.

जेवणाच्या सुट्टीनंतर दार उघडलं आणि मास्तरांची बायको आत आली.

मास्तरांच्या मनात पहिल्यांदा आलं ते पोरांचं. कुणाला तरी लागलंय, बापाला काहीतरी झालंय, म्हणून ही शोधत इथवर आली. ते अर्धे उठलेसुद्धा. मग त्यांना तिच्या निळ्या स्वेटरवरचा बिल्ला दिसला. त्यावर आकडा होता. बाकी सगळ्यांना होता तसाच.

"बसा ना," मुलगी तिला म्हणत होती. "घरात कोण कोण असतं?"

"मी, नवरा, मुलगी, मुलगा आणि सासरे."

"मिस्टर काय करतात?"

"मातीकाम."

"म्हणजे मूर्ती वगैरे?"

"असेल. घरी कधी काही आणून दाखवलं नाही. नखात माती असते एवढं खरं."

अंधाऱ्या खोलीत साहेब खो खो हसले. मॅडमही हसल्या. दोघांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मास्तर घरच्यांना कंपनीच्या कुठल्या कार्यक्रमाला आणतच नसत. आता तोंड उघडायला हवं होतं, त्यांना कळत होतं. कंपनीतल्या कुणाच्या घरचं माणूस इथे चालत नाही, हा साधा नियम होता. पण खरं सांगायचं तर, ही काय बोलते ते त्यांना ऐकायचं होतं. कित्येक दिवसांत त्यांनी तिला एवढी सलग वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

ती उंच गाडीत चढली आणि उतरली. "अशीच आहे आमच्याकडे. नवऱ्याने न विचारता आणली, स्वस्तात मिळाली म्हणून. सासऱ्यांना चढायला स्टूल लागतं. ते स्टूल चारचौघांत काढायची त्यांना लाज वाटते. म्हणून ते बाहेर यायचेच बंद झाले."

मास्तर चमकले. बाबा तर म्हणत होते, गुडघे दुखतात, तुम्ही जा.

खोकेवजा गाडीकडे तिने नुसतं पाहिलं आणि "शाळेची बस," म्हणून पुढे गेली. मग ती वॅगनजवळ आली. मागचं दार वर उचलून ती सामानाच्या जागेच्या कडेवर बसली, पाय खाली सोडून, एखादी पोर कट्ट्यावर बसते तशी. बराच वेळ बसून राहिली. उठताना तिने गाडीच्या अंगावरून तळवा फिरवत नेला, मागच्या चाकावरच्या वळणावर थांबली आणि पुन्हा तिथूनच हात नेला.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"इथे कुणीतरी खूप जीव ओतलाय," ती म्हणाली. "बाकीच्या दोन गाड्या नुसत्या बनवल्यात. हिला कुणीतरी कुरवाळलंय."

त्या एका वळणापायी मास्तरांनी अख्खा हिवाळा घालवला होता. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अंधार होता म्हणून बरं.

"अखेर एक गिऱ्हाईक मिळालं तुमच्या वॅगनला!" साहेबांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली.

"म्हणजे तुम्ही हीच घ्याल?" मुलगी विचारत होती.

"नाही. मला लहान गाडी हवी आहे. दोघींपुरती."

"पण तुम्ही तर पाच जण..."

"आता आहोत. पण मी वेगळी राहायला जाणार आहे. मुलगी माझ्याबरोबर येते म्हणाली. मुलाचं तो ठरवेल."

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. "सॉरी हं. मिस्टरांना..."

"त्याला अजून सांगितलेलं नाही. सासऱ्यांना माहीत आहे."

मास्तरांच्या कानात काहीतरी बंद झालं. समोर तिचे ओठ हलत होते, वरच्या स्पीकरमधून आवाजही येत होता, पण दोन्हींचा मेळ बसेना. सासऱ्यांना माहीत आहे. आज सकाळी बाबांनी त्यांच्याकडे वर्तमानपत्राचं आतलं पान मागितलं होतं. काल रात्री पोरीने भाजी वाढली होती. सगळे त्यांच्याशी नेहमीसारखे बोलत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं.

"मग तुम्ही आज इथे का आलात?" मुलीने विचारलं. हा प्रश्न तिच्या यादीत नसणार.

बायको जरा हसली. "फोनवर तुमच्या माणसाने विचारलं, तुमच्या घराला जागा किती लागते हे सांगायला याल का? मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, जाऊन सांगून तरी येऊ."

काचेमागे मॅडमनी कप खाली ठेवला. "घ्या! बायकोही निसटली आणि गिऱ्हाईकही!"

साहेब मोठ्याने हसले.

"ती माझी बायको आहे," मास्तर म्हणाले.

साहेबांचं हसू तोंडातच राहिलं. मॅडमनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मला खरंच..."

"मग एवढा वेळ गप्प का बसलात?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं. "माणसाने लगेच सांगायचं ना!"

"उठवेना," मास्तर म्हणाले. मग मात्र ते उठले. त्यांचा धक्का लागून खुर्ची पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

आलेली माणसं मागच्या दाराने बाहेर पडत. तिथे गाड्या लावायची मोकळी जागा होती आणि पलीकडे बसथांबा. बायको भेट मिळालेली कापडी पिशवी खांद्याला लावून थांब्याकडे निघाली होती. मास्तरांनी हाक मारली. ती वळली आणि जागच्या जागी थिजली.

"तू इथे कसा?"

"त्या आरशामागे बसलो होतो. ही आमचीच चाचणी."

तिने आधार शोधल्यासारखा हात मागे नेला आणि फुटपाथच्या कडेवर मटकन बसली. मास्तर समोर उभे राहिले. बसावं की नाही ते त्यांना कळेना.

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"असं नव्हतं सांगायचं मला," ती म्हणाली. "देवाशपथ नव्हतं. कितीदा सुरुवात केली होती. तू म्हणायचास, नंतर बोलू, दमलोय."

"बाबांना कधी सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं. त्यांनी विचारलं. तू कुठे निघालीस का, म्हणाले. घरात त्यांना एकट्यालाच दिसलं."

"आणि ते काय म्हणाले?"

"रडले. मग म्हणाले, माझ्यासाठी थांबू नकोस."

मास्तर आता बसले, तिच्यापासून हातभर अंतर ठेवून. बोलायला खूप होतं, पण तोंडून भलतंच निघालं. "ती वॅगन मी केलीय. ते चाकावरचं वळण."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिला ते खरं वाटलं नाही, मग वाटलं, आणि तेव्हा तिचे डोळे भरून आले. "तू?" ती म्हणाली. "हे तू करत होतास? इतकी वर्षं?"

"सांगायची परवानगी नव्हती."

"गाडीचं नको सांगूस रे. पण आज एक गोष्ट जमली, आज हात दुखतोय, आज मजा आली, एवढं तरी? मला वाटायचं तुला कशातच जीव नाही. म्हणून तर..." तिने मान हलवली. "आणि तुझ्याकडे एवढा होता! हे जास्त वाईट आहे, कळतंय का तुला? जीव होता आणि तो सगळा तिकडे गेला."

बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं, दार लागलं आणि बस गेली. पुढच्या बसने ते दोघं बरोबरच घरी गेले, शेजारशेजारच्या सीटवर बसून.

दारात बाबा उभे होते. दोघांना एकत्र येताना पाहून म्हातारा समजला. मास्तर त्यांना म्हणाले, "बाबा, तुम्ही तरी सांगायचं होतंत." बाबा म्हणाले, "मला वाटलं तुला कळलं असेल. एवढं दिसत होतं रे." त्या रात्री मास्तरांना भाजीची चव लागली नाही, आणि कधी नव्हे ते त्यांनी तसं बोलून दाखवलं, तेव्हा पोरगी डोळे पुसत उठून आत निघून गेली.

पुढे व्हायचं ते झालं. वॅगन बंद पडली. मॅडमनी येऊन मास्तरांची माफी मागितली, आणि मास्तरांनी ती खऱ्या मनाने स्वीकारली. मातीचं मूळ मॉडेल खरवडून ती माती नव्या उंच गाडीसाठी वापरायची होती. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. घरी ते बोलू लागले, जरा जास्तच बोलू लागले, आणि बायको ऐकूनही घ्यायची. पण तिने आपला विचार बदलला नाही. "उशीर झालाय असं मी म्हणत नाही," ती एकदा म्हणाली, "पण मला आधी जाऊन बघू दे." दोन गल्ल्या सोडून तिला दोन खोल्या मिळाल्या. मुलगी तिच्याबरोबर गेली. मुलगा दोन्ही घरांत ये-जा करतो.

जायच्या आधी तिने विचारलं होतं, "गाडी बघायला येशील? तुला त्यातलं कळतं." मास्तर गेले. शोरूममध्ये एक पांढरी छोटी गाडी होती. त्यांनी सवयीने दाराच्या फटीवरून अंगठा फिरवला, डिकीचं दार उघडून उंबरा किती उंच आहे ते पाहिलं, मागे बसून गुडघे कुठे टेकतात ते बघितलं.

"बाबा मावतील का बघायला हवं," ते म्हणाले.

"गेल्या आठवड्यात आणलं होतं त्यांना. बसले आरामात. स्टूल नको, काही नको."

बाबा बाहेर पडले होते, आणि मास्तरांना हेही माहीत नव्हतं. मागच्या सीटवर ते तसेच बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. पुढे ती स्टिअरिंगवर हात ठेवून आरसा नीट करत होती.

तेवढ्यात विक्रेता लगबगीने आला आणि खिडकीतून आत वाकला. "दादा, वहिनींना आवडलेली दिसते. फॅमिलीला जरा लहान पडेल, पण तुम्ही म्हणाल तसं."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. विक्रेत्याची चूक कुणीच सुधारली नाही.

"वहिनी म्हणतील तसं," मास्तर म्हणाले, आणि दार उघडायची खिट्टी त्यांना क्षणभर सापडेना.