कोल्ह्यांचं लोणचं

लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण ब्यूलानं एल्विनची एकही बरणी स्वयंपाकघराच्या आत येऊ दिली नव्हती. खरं तर बरण्या तिच्याच, काकडीच्या लोणच्यासाठी आणलेल्या. दर उन्हाळ्यात त्यातल्या चार-पाच गुपचूप नाहीशा व्हायच्या आणि परसातल्या खोपटात जाऊन बसायच्या. मग त्यांच्यात काय काय मुरत घातलं जाई ते विचारायची सोय नव्हती. उंदरांचा खिमा, उन्हात टांगून गाळलेलं ट्राउट माशांचं तेल, मागच्या हंगामातल्या कोल्ह्यांच्या ग्रंथी, बीव्हरची कस्तुरी, मध, आणि शेवटी स्कंकच्या रसाचे मोजून दोन थेंब. त्या रसाचा एक थेंब अंगावर पडला तर माणसाला आठवडाभर कुणी जवळ उभं करत नाही.

"तुझं लोणचं तुझ्याकडे," ब्यूला म्हणायची. खोपटातले कपडे खोपटातच उतरवायचे, हात तिथेच धुवायचे, मग घरात पाऊल टाकायचं. एल्विन हे सगळं निमूट पाळायचा. कारण व्हरमाँटच्या त्या डोंगराळ भागात कोल्ह्यांना सापळ्याकडे ओढणाऱ्या त्याच्या लोणच्याला तोड नव्हती आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं. मांस मुरायला हवं, कुजायला नको, आणि या दोहोंत जेमतेम दोन दिवसांचं अंतर असतं. एल्विन झाकण उचलायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आज थांबवायचं." ते कसं ओळखायचं हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मात्र नोव्हेंबर अर्धा सरला तरी एकही कोल्हा सापळ्यात आला नव्हता.

कोल्हे नव्हते असं नाही. रोज सकाळी एल्विन सापळे बघून यायचा आणि टोपी खुंटीला अडकवत तेच सांगायचा. ठसे सरळ सापळ्याच्या दिशेनं येतात, हातभर अंतरावर थबकतात, वळसा घालतात आणि निघून जातात. चोवीसच्या चोवीस सापळ्यांपाशी हाच प्रकार. दाणागोट्याच्या दुकानात रॅन्समनं चार लोकांसमोर त्याची फिरकी घेतली. रॅन्सम त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, ओढ्यापलीकडे सापळे लावणारा, आणि बोलायला लागला की थांबेल तो रॅन्सम कसला.

"काय एल्विनबाबा, कोल्ह्यांनी तुमच्यावर बहिष्कार टाकला म्हणे?"

एल्विन हसला नाही आणि चिडलाही नाही. "तुला सापळे हवेत का?" त्यानं विचारलं. "रविवारी चर्च झालं की ये. सगळे घेऊन जा."

रॅन्समनं लगेच 'येतो' म्हटलं. तो घरी आल्यावर ब्यूलाला हे कळलं. एल्विनच्या थोरल्या भावानं असंच केलं होतं. बंदूक विकली, कुत्रा देऊन टाकला आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसला. दुसऱ्या हिवाळ्यात खुर्ची रिकामी झाली. डॉक्टरांनी हृदयाचं नाव सांगितलं. ब्यूलाच्या मते माणूस खुर्चीनं मेला. एल्विनला त्या खुर्चीत बसलेला पाहायची तिची तयारी नव्हती.

शनिवारी तिनं बीन्सची हंडी भट्टीत ठेवली आणि शेजारणीशी फोनवर बोलत बसली. बोलण्यात मेपलचा पाक तळाला लागला. करपल्याचा वास माजघरापर्यंत आला तशी ती फोन टाकून धावली. एल्विन टेबलाशीच बसला होता, भट्टीपासून चार हातांवर, अंगात खोपटातला कोट तसाच, आणि कोटाला स्कंकचा असा दर्प की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तोंड उघडून ती त्याला झोडपणारच होती. तेवढ्यात तो म्हणाला, "छान वास सुटलाय गं."

ब्यूला तिथेच उभी राहिली. काळा धूर आता कुठे भट्टीच्या दाराच्या फटीतून डोकावायला लागला होता. तो दिसला तसा एल्विन गडबडला आणि उगाचच खिडकीबाहेर बघू लागला.

एप्रिलमध्ये त्याला एक वाईट ताप येऊन गेला होता, दहा दिवसांचा. त्यानंतर रोज जेवायला बसताना तो हेच वाक्य म्हणायचा. अडतीस वर्षांत ज्यानं तिच्या स्वयंपाकाची कधी धड तारीफ केली नव्हती, तो दर दिवसाला करायला लागला म्हणून ती बाई मनातून सुखावली होती. आजारपणानं माणूस मऊ झाला, असं तिनं बहिणीला पत्रातही लिहिलं होतं. आता तिला स्वतःच्या भाबडेपणाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्याची दया आली.

तिनं कोट त्याच्या अंगात तसाच राहू दिला. हंडी बाहेर नेऊन ठेवली आणि त्याला अंडी तळून दिली.

दुपारी तो लवंडल्यावर ती खोपटात गेली. इतक्या वर्षांत ती दारापर्यंतच यायची, तेसुद्धा भांडायला. आज तिनं एकेक झाकण उघडलं. बाहेरून नाक मुरडता मुरडता तिला या वासांची पायरीन् पायरी ओळखीची झाली होती हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. ऑक्टोबरात कोणत्या दिवशी वास नुसता घाण असतो आणि कोणत्या दिवशी त्या घाणीत थोडा गोडवा उतरतो, ते ती झोपेतही सांगू शकली असती. यातल्या एकाही बरणीत गोडवा नव्हता. हे मुरलं नव्हतं, सडलं होतं.

पण सडक्या मांसापायी कोल्हा हातभरावरून परत फिरत नाही, एवढं तर तिलाही कळत होतं. मग तिनं हातमोज्यांची पिशवी उघडली. हे मोजे फक्त सापळे पुरताना घालायचे. त्यांना माणसाचा वास लागू नये म्हणून ते वेगळे टांगलेले असायचे आणि एल्विन ते तिला धुवायलासुद्धा देत नसे. पिशवीच्या बरोबर वर फळीवर शेगडीच्या रॉकेलचा डबा होता. डब्याच्या तळाला बारीक गळती लागली होती, आणि थेंब थेंब रॉकेल गेला महिनाभर त्या मोज्यांवर पडत होतं.

चोवीस सापळ्यांना त्यानं स्वतःच्या हातानं रॉकेल फासलं होतं. आंधळ्या माणसालासुद्धा हे कळलं असतं. ब्यूला पालथ्या बादलीवर बसली आणि मोजे मांडीवर घेऊन मनसोक्त रडली.

"तू इथे काय करतेयस?" दारात एल्विन उभा होता.

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं, पण आधीच एकजण सात महिने खोटं बोलत आला होता. तिनं मोजे पुढे केले. "याला रॉकेलचा वास येतोय, एल्विन."

त्यानं मोजे घेतले, सवयीनं नाकाशी नेले आणि हळूच खाली केले.

"केव्हापासून येत नाहीये तुला?"

"तापापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? बायको आहे मी तुझी, का शेजारीण?"

"वाटलं होतं येईल परत. डॉक्टर म्हणाला काहींना वास परत येतो." तो दाराच्या चौकटीला टेकला. "कॉफी गेली, माती गेली, हे लोणचं गेलं. ते चाललं असतं गं. पण तुझा वासही गेला. पहाटे जाग आली की तू शेजारी आहेस का ते हात लावून बघावं लागतं."

ब्यूला बादलीवरून उठली. तिनं ॲप्रनला नाक पुसलं आणि मग रागानंच म्हणाली, "मग लावायचा हात. त्याला काय कुणाची परवानगी लागते?"

एल्विन हसला, त्या महिन्यात पहिल्यांदा.

"चल," ती म्हणाली. "पुरलेले सापळे काढून आण. वास घालवायला उकळायचे ना ते? आणि चांगलं कोणतं, बिघडलेलं कोणतं, ते मी सांगते. तू फक्त काय टाकायचं ते सांग."

त्या दुपारी अंगणात चुलाण पेटलं. सापळे मेपलच्या सालीच्या पाण्यात खदखदले. जुने मोजे जाळले, नवे त्याच पाण्यातून काढले. गेल्या वर्षीच्या मुरलेल्या मांसाच्या दोन सीलबंद बरण्या निघाल्या आणि ब्यूला त्या आणि बाकीचे डबे एकेक हुंगत गेली.

"ही कशी आहे?"

"तुझ्या आईच्या ट्रंकेसारखी. ओली लोकर आणि जुनं कातडं."

"ती कस्तुरी. चांगली आहे. घे. आता मासा?"

"मासा ठीक. पण जरा तिखट लागतोय नाकाला."

"मग अर्धाच चमचा. मध घाल. स्कंक मी मोजतो, तू लांब हो."

"सांडलं तर तुला कळणार तरी आहे का? दे इकडे."

त्यानं बाटली दिली. चाळीस वर्षांत ती बाटली त्यानं कुणाच्या हाती दिली नव्हती. ब्यूलानं दोन थेंब टाकले, ढवळलं, हुंगलं. घाणेरडं होतं, अगदी ओकारी यावी इतकं, आणि त्यात तळाशी तो गोडवा होता. "झालं," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

अंधार पडायच्या आत दोघांनी मिळून दहा सापळे नव्या जागी लावले. तो गुडघ्यांवर बसून तिरका खड्डा खणायचा, ती वाकून हुंगायची आणि मान हलवायची. मगच तो माती चाळून सापळ्यावर पसरायचा.

रविवारी ती चर्चला गेली नाही. सकाळी त्याच्याबरोबर रबरी बूट घालून कुंपणाकडेनं चालत गेली. पहिल्या तीन सापळ्यांपाशी काही नव्हतं. तिसऱ्यापाशी एल्विन बराच वेळ उभा राहिला आणि त्याचे खांदे पडले. चौथ्याच्या आधीच तो थांबला आणि तिचं मनगट पकडलं. वाळलेल्या गवतात तांबडं काहीतरी हललं. मोठा नर होता, देखणा. ब्यूलाला त्याच्याकडे बघवेना, तिनं तोंड फिरवलं. एल्विननं आपलं काम पटकन आणि नीट उरकलं.

ते परत आले तेव्हा रॅन्समची गाडी अंगणात उभी होती. मागे सापळ्यांसाठी त्यानं रिकामे खोकेही आणले होते. एल्विनच्या खांद्यावर कोल्हा पाहून तो खाली उतरला.

"अरे वा! म्हणजे सापळे मिळत नाहीत म्हणायचं."

"नाही मिळत."

"लोणचं बदललंत वाटतं? कुणाचं आणलंत? सांगा की, आम्ही काय चोरणार आहोत?"

ब्यूला खाली बघत बुटांची माती झाडू लागली. तो काहीतरी थाप मारेल आणि आपण तोंड मिटून ठेवायचं, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं. म्हाताऱ्याचा मान राहू दे.

एल्विननं कोल्हा पायरीवर ठेवला. "माझं नाक गेलंय, रॅन्सम," तो म्हणाला. "एप्रिलपासून मला काही कळत नाही. लोणचं हिचं आहे. मी फक्त खड्डे खणतो."

रॅन्समनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा ब्यूलाकडे बघितलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तिला विचारलं, "ब्यूलाकाकू, माझ्याकडची एक बरणी आणली तर जरा बघाल का?"