जनगणनेच्या आदल्या संध्याकाळची हजेरी

उद्या जनगणना होती. उद्या देशभरात मोजणाऱ्यांखेरीज कुणाचीही गाडी रस्त्यावर येणार नव्हती. जो जिथे असेल तिथेच मोजला जाणार होता. म्हणून आमच्या गावाने जानेवारीतच ठरवलं होतं: आदल्या संध्याकाळी, सूर्य डोंगराआड जायच्या आत, शाळेच्या पटांगणात हजेरी घ्यायची. तीनदा पुकारूनही जो गावात नसेल, त्याचं किन्वाचं शेत शेजाऱ्याला द्यायचं. डोकी कमी भरली की शाळेचे आणि पाण्याचे पैसे कमी येतात, त्यामुळे नियम कुणालाच वावगा वाटला नव्हता. मीही हात वर केला होता.

यादी वाचायचं काम माझ्याकडे होतं. एकशे बारा नावं झाली. उरलं एकच, निकोलासा युक्रा. नवरा गेल्यापासून ती मिठाच्या पठारापलीकडे, उयुनी शहरातल्या एका खानावळीत राबते. त्या शेताखेरीज तिचं इथे काही नाही.

चष्मा पुसायच्या निमित्ताने मी पठाराकडे पाहिलं. मार्चमधलं घोट्याएवढं पाणी मिठावर साचलं होतं आणि त्यात अख्खं आभाळ उतरलं होतं. दूर एक ट्रक दिसत होता. चाकांखाली त्याचंच उलटं प्रतिबिंब. अशा पाण्यातून कुणी गाडी दामटत नाही. खारं पाणी इंजिनात उडालं की संपलं.

"वाचा मास्तर," सेवेरो म्हणाला. त्याचं शेत निकोलासाच्या बांधाला लागून आहे.

मी म्हटलं, उद्या शहरातले लोक मोजायला येतील, मुलांना काहीबाही विचारतील; जरा उजळणी करून घेऊ. गावप्रमुख हिलारियोनने खांद्यावरचा मानाचा चाबूक सावरला. मी तो होकार समजलो.

प्रांत किती? नऊ. राजधानी कुठली? निम्मी मुलं सुक्रे म्हणाली, निम्मी ला पाझ. न्यायालय कुठे, सरकार कुठे, हे मी सावकाश समजावलं. समुद्र? नाही, युद्धात गेला. मग आपल्याला नौदल कशाला, असं एकाने विचारलं तेव्हा मोठी माणसंही हसली. ट्रक आता बोटाएवढा दिसत होता. देशाचा डोंगराळ भाग किती, या प्रश्नाला सगळ्यांनी 'सगळाच' असं उत्तर दिलं. दोन-तृतीयांश देश सखल आहे, तिकडे उकडतं, सोयाबीन पिकतं, हे मी सांगितलं. पण मुलांचा विश्वास बसेना.

"आता तिकडे केळी किती होतात तेही सांगा," सेवेरो म्हणाला. "तोवर चंद्र उगवेल."

सूर्याची कड डोंगराला टेकली. प्रमुखाने बोट वर केलं. मी नाव पुकारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा पुकारलं आणि तेवढ्यात ट्रक थांबला. त्यातून वाफ निघू लागली. एक बाई उतरली, घागरा उचलून धरत पाण्यातून चालू लागली. किनारा अजून अर्ध्या तासावर होता.

"तिसऱ्यांदा," सेवेरो म्हणाला.

खोटी हजेरी मी आयुष्यात लावली नव्हती. मी सेवेरोच्या नातीकडे वळलो. "एल्बा, शेवटचा प्रश्न. आपल्या गावाची हद्द कुठे संपते?"

"मिठात," ती न अडखळता म्हणाली. "पणजोबा मीठ कापायचे त्या दगडांच्या राशीपाशी. आजोबांनी लिथियमवाल्यांना तेच सांगितलं."

गेल्या वर्षी लिथियमवाल्यांचे जमीन मोजणारे आले, किनाऱ्यापुढे तुमचं काही नाही म्हणाले, तेव्हा हाच सेवेरो दोन दिवस त्यांच्या गाडीपुढे आडवा पडून राहिला होता. तो दावा अजून चालू आहे. आणि दगडांची रास ट्रकच्याही बरीच मागे होती.

मी तिसऱ्यांदा नाव पुकारलं आणि सेवेरोकडे पाहत थांबलो. ती गावात नाही, असं तो म्हणाला असता तर शेत त्याचं होतं. पण मग सगळ्या गावादेखत हद्द किनाऱ्यावर आली असती.

त्याने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"हजर लिहा," तो म्हणाला. "आपल्याच गावात चालतेय ती."

प्रमुखाने मान हलवली. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

निकोलासा पोहोचली तेव्हा तिच्या घागऱ्यावर मीठ वाळून कडक झालं होतं. धाप लागली असतानाही तिने आधी नावाचंच विचारलं.

"झालं पुकारून," सेवेरो म्हणाला. "पुढच्या वेळी एक दिवस आधी निघ, बाई. मास्तरांकडचे प्रश्न संपलेत."