बिनफुलाची गौराई

नेवाशाजवळच्या त्या गावात सूर्यभानच्या कांद्याच्या वावरात गवताची काडी दिसली, तर तिची बातमी व्हायची. हा गडी दुसऱ्याच्या बांधावरून जाताना दुसऱ्याचंही तण उपटायचा. अशा माणसाने मुद्दाम तण पेरलं, तेही चोरून, हे कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

तण म्हणजे तेरडा. सूर्यभानची बायको रोहिणी भंडारदऱ्याकडची. तिच्या माहेरी डोंगरातून मुळासकट आणलेला फुललेला तेरडा हीच गौराई. सासरी पितळी मुखवटे. रोहिणी मुखवटे मनापासून घासायची, पण दर गौरीला आईला फोन करून विचारायची, "तेरडा आणला का गं?" उन्हाळ्यात आई गेली. आता ही विचारणार कुणाला, हे सूर्यभानच्या मनाला लागलं होतं. बोलून दाखवणं मात्र त्याला जमेना. बायकोबद्दल चार शब्द बोलायचे म्हटले की या पठ्ठ्याला खोकला यायचा.

दहाव्याला गेला तेव्हा त्याने डोंगरावरची पोतंभर माती भरून घेतली. तेरड्याचं बी मातीतच सांडलेलं असतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमच्याकडली माती संपली काय?" सूर्यभान खोकला.

पावसाळ्यात वावराच्या कडेला ती माती पसरली आणि तेरडा उगवलासुद्धा. आता याची मजा बघा. जे डोंगरात आपलं आपण वाढतं, त्याला याने कांद्यासारखा युरिया घातला, वर रोज पाणी. तेरडा कमरेएवढा झाला, हिरवागार, माजलेला. फूल मात्र औषधालाही नाही. गौरी जवळ आल्या तसा हा रोज सकाळी पानं उचलून कळी शोधायचा आणि तोंड पाडून घरी यायचा.

गौरी यायच्या दिवशी सकाळी बायका खुरपायला आल्या. भागूबाईने तेरड्याच्या बुडाशी खुरपं लावलं.

"राहू दे ते!" सूर्यभान ओरडला.

"अवो दादा, तण हाय."

"असू दे. औषधाला लागतंय."

"कुनाच्या?" भागूबाईने विचारलं आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. "एवढं खत पाजलंय, म्हंजी दुखनं लई मोठं हाय!"

तेवढ्यात रोहिणी चहाची किटली घेऊन आली. तेरड्याचं पान बघताच तिने किटली खाली ठेवली. हसणं थांबलं. सूर्यभानला खोकला आला, पण या वेळी त्याने तो गिळला.

"तुझ्या आईच्या डोंगरावरची माती हाय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "म्हनलं, औंदा तुझी गौराई हितं यावी. पर माझ्या हातनं युरिया जास्त पडला. फुलंच न्हाई आली."

रोहिणीचे डोळे भरले आणि त्यातच तिला हसूही फुटलं.

"तेरड्याला कुनी युरिया घालतं व्हय?"

"मला काय म्हाईत? मला कांदा येतो."

ती वाकली, बुडाशी हात घालून तिने एक रोप मुळासकट अलगद उपटलं, पदरात घेतलं.

"बिनफुलाची कशी न्यायची गं?" भागूबाईने हळूच विचारलं.

"लेक माहेराला येती, मावशी," रोहिणी म्हणाली. "तिला नटूनच ये म्हनतं का कुनी?"

आणि ती घराकडे चालू लागली. सूर्यभान वावर टाकून तिच्या मागोमाग निघाला.