कोलूचं तळं

कनकाबाईंनी नवऱ्याची फिल्म आयुष्यात पाहिली नाही. नवरा म्हणजे राघोत्तमराव, मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक. त्यांच्या एकुलत्या एका प्रेमपटात ऐन प्रेमाच्या क्षणी चेहरे दिसतच नसत, दिसत फक्त हात. अख्ख्या मद्रासनं नायिकेच्या त्या हातांचं कौतुक केलं आणि कनकाबाईंच्या पोटात दुखलं. राघोत्तमरावांनी तीनदा विचारलं, "येतीस का बघायला?" तीनदा कनकाबाईंनी तोंड फिरवलं. मग त्यांनीही विषय काढणं सोडलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तरी कनकाबाईंचा राग काही गेला नाही.

त्या फिल्मचं उरलेलं एकच रीळ मद्रासातल्या तिरुवल्लिकेणीच्या घरात माळ्यावर पडून होतं. यंदा सून चंद्रिकानं नवरात्राच्या कोलूत, बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढं, कमळांचं तळं करायचं ठरवलं. पाण्यासाठी तिला काचेसारखं काहीतरी हवं होतं. सोड्याच्या गरम पाण्यात फिल्म धुतली की चित्रं निघून जातात आणि स्वच्छ पट्टी उरते, असं शेजारच्या सरोजानं तिला सांगितलं होतं.

"माळ्यावरचं रीळ घे की," कनकाबाई म्हणाल्या. "सगळं घे." म्हणताना त्यांना बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

दुपारपर्यंत घंगाळातलं पाणी काळं झालं आणि पट्ट्या दोरीवर वाळू लागल्या.

"आत्याबाई, हा एक तुकडा डब्यातच अडकला होता. हाही टाकू?"

त्या सटवी नायिकेला एकदा बघून तरी घ्यावं, म्हणून कनकाबाईंनी चष्मा पुसला आणि तुकडा खिडकीशी धरला. नखाएवढ्या चौकटीत दोन हात मोगरा ओवत होते. पुढच्या चौकटीतही तेच. डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

कनकाबाईंची करंगळी लहानपणी तंजावरात जात्याखाली सापडली होती. त्यांनी डावा हात तुकड्याशेजारी धरला. तीच करंगळी, तोच बाक.

त्या फिल्मच्या दिवसांत एका दुपारी राघोत्तमराव कॅमेरा घरी घेऊन आले होते. "यंत्र चालतंय का बघतो, तू आपली फुलं ओव," म्हणाले होते. घरात कसली ही थेरं, म्हणून कनकाबाई त्यांच्यावर उखडल्याही होत्या.

चेहरा नायिकेचा, हात कनकाबाईंचे. तीस वर्षं त्या स्वतःवरच जळत होत्या.

"अय्यो, चंद्रिका! थांब, धुऊ नको!"

"सगळं धुऊन झालं की, आत्याबाई."

कनकाबाईंनी दोरीवरची एक पट्टी ओढून उजेडात धरली. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीतून पलीकडचं अंगण स्वच्छ दिसत होतं.