भवानीची खुर्ची

मी दाराजवळची खुर्ची बोलतेय. सायगॉनच्या एका अरुंद गल्लीत थोआ आणि तिचा नवरा लाम यांचा बिस्त्रो, म्हणजे छोटीशी फ्रेंच खानावळ आहे, तिथली. आत शिरलात की डाव्या हाताला जमिनीवरच एक लाल देव्हारा दिसेल. त्यात पोट सुटलेला, हसरा, दुकानाची जागा राखणारा भूदेव बसलेला असतो. त्याच्या शेजारी मी. त्याला रोज सकाळी काळी कॉफी आणि पेटवलेली सिगारेट मिळते. मला फडकं मिळतं, तेही ओलं.

माझं रूप फ्रेंच असलं तरी मी इथलीच आहे. बिस्त्रो काढायचं ठरलं तेव्हा थोआने कुठल्याशा मासिकातलं पॅरिसच्या फुटपाथवरच्या खुर्च्यांचं चित्र आणलं आणि तामकाकांपुढे धरलं.

"काका, अशा हव्यात."

तामकाकांनी चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. म्हणाले, "बसायला एवढीच जागा? तिकडच्या लोकांना बूड नसतं का गं?"

तामकाका याच गल्लीच्या टोकाला राहतात. वेताच्या वस्तू करायचा त्यांचा धंदा. जाळावर धरून वेत वाकवायचा आणि सांगाडा उभा करायचा हे काम त्यांचं. बैठक आणि पाठ विणायचं काम तामकाकूंचं. काकू विणायला बसल्या की काका गप्प राहायचे. मध्येच बोललं की वीण चुकायची, आणि उसवताना सगळा राग काकांवर निघायचा.

मी सगळ्यात शेवटी झाले. विणायची हिरवी पट्टी संपत आली होती, म्हणून माझ्या पाठीवरची एक चौकडी अर्धीच हिरवी राहिली. काकूंनी ती बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "हिला दाराजवळ ठेवायला सांगा, पाठ भिंतीकडे करून. कुणाला दिसायची नाही." अशी माझी जागा ठरली.

उद्घाटनाच्या सकाळी तामकाकाच मला खांद्यावर टाकून घेऊन आले. मी डगमगत नाही ना हे बघायला स्वतः बसले. थोआ तेव्हा नुसती हात चोळत उभी होती. भट्टीतून निघालेलं पहिलं कांद्याचं सूप तिने त्यांच्यापुढे ठेवलं. वर पावाचा तुकडा, त्यावर खरपूस झालेलं चीज.

"हे वर काय चिकटलंय? लामने साबण वितळवला की काय?" काकांनी विचारलं. पण वाटी चाटूनपुसून साफ केली. उठताना पैसेही ठेवले, कारण भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, फुकट करायची नसते. त्या दिवशी संध्याकाळी गल्लीत लोक जागा मिळायची वाट बघत उभे राहिले. थोआने मनाशी ठरवून टाकलं की हा तामकाकांचा पायगुण.

मग तो नेमच झाला. दार उघडलं की पहिले तामकाका. बसायचे, थोआने नुकताच पुसलेला चमचा कागदाने पुन्हा पुसायचे, सुपात मिरचीचे तुकडे टाकायचे. मिरची बघून आत लामचं तोंड कडू व्हायचं. तो मोठ्या हॉटेलात फ्रेंच स्वयंपाक शिकून आलेला. काका गेले की मग दिवस खरा सुरू व्हायचा. माणसं यायची, एकेकाची म्हणून दिलेली बदकाची तंगडी टेबलाच्या मध्यभागी ठेवायची आणि सगळी मिळून तिच्यावर तुटून पडायची. वाइनमध्ये बर्फ मागायची. कुणी माझ्यावर मांडी घालून बसायचं, कुणी माझ्या खांद्याला पर्स अडकवायचं. माणसांना खाण्याआधी ताटाचा फोटो काढायचा असतो. तोवर चीज गार होतं, आणि मग तीच माणसं चीज गार आहे म्हणतात.

थोआ पायगुण किती मानते ते माझ्या पुढच्या उजव्या पायावर लिहिलेलं आहे. एकदा काका तापाने झोपून होते. त्या दिवशी एक अनोळखी जोडपं सगळ्यांच्या आधी आलं. त्यांनी फळ्यावरचे सगळे पदार्थ मोठ्याने वाचले, भूदेवाबरोबर फोटो काढला आणि काहीही न मागवता निघून गेले. थोआने तडक कागदाची सुरळी पेटवली आणि अपशकुन घालवायला माझ्या चारी बाजूंनी फिरवली. आमच्याकडे बाजारातल्या सगळ्या बायका हे करतात. पण त्यांच्या दुकानात वेताच्या खुर्च्या नसतात. माझा पाय भाजून काळा पडला. बरे होऊन आल्यावर काकांनी तो डाग पाहिला आणि म्हणाले, "धूप देवाला दाखवतात गं. माझ्या खुर्चीला कशाला?"

पावसाळा सरता सरता तामकाकू गेल्या. फार आजारी नव्हत्या. विणता विणता हात दुखतो म्हणाल्या, आडव्या झाल्या, आणि उठल्याच नाहीत.

त्यानंतर तामकाका दिसले ते समोरच्या शिंप्याच्या दुकानाच्या छपराखाली. नेहमीची वेळ, नेहमीचा पांढरा सदरा, फक्त छातीवर काळ्या कापडाचा छोटा तुकडा टाचलेला. सुतकातल्या माणसाने कुणाच्या दुकानाची भवानी करायची नसते, हे इथे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. काका तिथे उभे राहून दुसरं कुणी गिऱ्हाईक आत शिरायची वाट बघायचे. कुणी शिरलं की मग गल्ली ओलांडायचे आणि आतल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसायचे. माझ्याजवळून जाताना माझ्या हातावर बोटं टेकवायचे, एवढंच.

काकू गेल्यापासून घरात चूल पेटत नव्हती. दिवसाकाठी इथलं सूप हेच त्यांचं जेवण. गर्दीच्या दिवशी लवकर मिळायचं. पण कधी कधी दुपारपर्यंत कुणी फिरकत नाही, आणि अशा दिवशी ते उपाशीपोटी समोर उभे असायचे, या पायावरून त्या पायावर भार टाकत. शिंप्याने स्टूल दिलं तर नको म्हणायचे.

थोआने त्यांना येऊ नका असं कधी म्हटलं नाही. या, असंही म्हटलं नाही. ते दिसले की ती ग्लास पुसायला घ्यायची. मला तिचा राग यायचा, खरं सांगते. एकदा लाम म्हणाला, "अगं, बोलव ना त्यांना."

"तू बोलव. आणि मग महिनाभर टेबलं रिकामी राहिली तर मला सांगू नकोस."

लामने नाही बोलावलं. फ्रेंच स्वयंपाक शिकून आला म्हणून काय झालं, तोही याच गल्लीतला.

तेतचा सण आला, नवं वर्ष लागलं. सुट्टीनंतर दुकान उघडायचा दिवस म्हणजे अख्ख्या वर्षाची भवानी. थोआने या वेळी काही नशिबावर सोडलं नव्हतं. कापडबाजारातल्या किमताईंना तिने आधीच बोलावून ठेवलं होतं. किमताईंचा पायगुण सोन्याचा म्हणून नावाजलेला. नव्या वर्षात त्यांना इतकी आमंत्रणं असतात की त्या नवरीसारख्या गाडीतून उतरतात आणि परत गाडीत बसतात.

त्या सकाळी भूदेवाला पिवळी फुलं मिळाली. मला कोरडं फडकं मिळालं. समोर छपराखाली तामकाका येऊन उभे होते, इस्त्रीचा सदरा, छातीवर काळा तुकडा.

किमताई लाल रेशमी पोशाखात आल्या, उजवं पाऊल आधी टाकून आत शिरल्या आणि माझ्यावर बसल्या. वेत करकरला, पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. थोआने दोन्ही हातांनी सूप पुढे ठेवलं. गल्लीतल्या दोन-चार बायका दारात डोकावत होत्या.

किमताईंनी चमचा पुसला, चीजला लावला, आणि थांबल्या. "काय काय असतं गं यात?"

"काही नाही हो ताई, नुसता कांदा."

"नुसता कांदा?" किमताईंनी चमचा खाली ठेवला. "अगं, मी नवस बोललेय. महिनाभर मटण-मासे बंद आणि कांदा-लसूणही बंद. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

थोआचा चेहरा पडला. अर्धी गल्ली या महिन्यात कांदा-लसूण सोडते, तिची स्वतःची आई सोडते. पायगुण शोधण्याच्या नादात ताटात काय वाढायचं याचा विचारच कुणी केला नव्हता. तेवढ्यात आतून लाम अभिमानाने ओरडला, "ताई, नुसता कांदा नाही काही! कालपासून गाईची हाडं उकळतायत त्यात."

किमताईंनी खुर्ची मागे सरकवली.

"बटाटे तळून देऊ?" थोआ घाईने म्हणाली.

"कशात तळता?"

लाम दारात आला होता. "बदकाच्या चरबीत," तो हळूच म्हणाला.

"मग पाव तरी खा, ताई. नुसता पाव."

"वर्षाच्या भवानीला कोरडा पाव? मी खाईन बाई, पण तुझ्या वर्षाचं काय ते तू बघ." किमताई उठल्या. रागावल्या नव्हत्या, त्यांना पुढचं दुकान गाठायचं होतं. शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट टेबलावर ठेवून त्या गेल्या. डोकावणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पांगल्या.

सूप तसंच राहिलं. वरचा पापुद्रासुद्धा मोडला नव्हता. वर्षाचं पहिलं ताट न शिवता परत गेलं, याहून वाईट भवानी इथे कुणी ऐकली नसेल.

थोआने कागद घेतला, सुरळी केली, पेटवली आणि माझ्यापुढे वाकली. जाळ माझ्या पायाच्या फार जवळ आला.

"थोआ, खुर्ची जाळशील."

तामकाका गल्ली ओलांडून आले होते. उंबऱ्याच्या बाहेर उभे होते, आत पाय टाकला नव्हता.

"मग काय करू काका?" थोआ म्हणाली. "वर्षाचं पहिलं ताट परत गेलं माझं."

"येईल कुणीतरी. मी कोपऱ्यावर जातो, चांगलं माणूस बघून पाठवतो."

"तुम्ही जेवलात?"

"माझं काय, मी नंतर."

"काल तरी जेवलात?"

काकांनी छातीवरच्या तुकड्यावर नुसता हात ठेवला, म्हणजे आत का येत नाही ते तिला कळावं.

थोआ माझ्याकडे बघत राहिली. कागद तिच्या बोटांपर्यंत जळत आला तसा तिने तो फुलांच्या पाण्यात बुडवला. मग माझ्या पाठीवरची ती अर्धी चौकडी तिने अंगठ्याने चोळली.

"काका, ही वीण कुणाची?"

"म्हणजे? तुझ्या काकूची."

"काकू गेल्यापासून रोज पहिलं गिऱ्हाईक हिच्यावरच बसतंय. आज किमताई बसल्या. मी काकूला कधी अपशकुनी म्हटलं? खुर्ची उचलून आत ठेवली?" ती उंबऱ्याशी आली. "मग तुम्हाला इतके दिवस बाहेर कसं उभं केलं मी?"

"तू नाही गं. मीच उभा होतो."

"आत या. सूप गार होतंय."

काका तरी उभेच. मग लाम पुढे झाला आणि त्याने त्यांचा दंड धरला. "चला काका. मिरची टाका हवी तेवढी. आज काही बोलत नाही."

ते माझ्यावर बसले. किती हलके झाले होते ते मला तेव्हा कळलं. आधी त्यांनी हात मागे नेला आणि पाठीची वीण बोटांनी चाचपली, काकू चाचपायच्या तशी. मला रडू येत असतं तर त्या वेळी आलं असतं. मग त्यांनी चमचा पुसला, पापुद्रा मोडला आणि खायला लागले. थोआ समोर बसून राहिली. वाटी रिकामी झाल्यावर ते म्हणाले, "मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे," लाम म्हणाला.

आता तुम्ही विचाराल, ते वर्ष कसं गेलं. वर्षासारखं गेलं. एक भट्टी बिघडली, शनिवारी जागा मिळेनाशी झाली, मधले दोन महिने माशा मारण्यात गेले. किमताई सगळीकडे सांगतात की त्यांनी पाऊल ठेवलं म्हणून बिस्त्रो तरला. थोआ ऐकून घेते. ती अजूनही कागद पेटवते, कुणी फोटो काढून निघून गेलं तर. माणूस एका दिवसात बदलत नाही. फक्त आता ती जाळ फिरवताना आधी मला बाजूला उचलून ठेवते.

त्याला बरीच वर्षं झाली. माझ्याबरोबरच्या खुर्च्यांना आता प्लास्टिकची वीण आहे. काकूंच्या हातची तेवढी मी उरले. माझ्या बैठकीचे काही पदर तुटलेत. नवीन वीण घालू का, असं थोआने विचारलं होतं. तामकाका म्हणाले, "मी आहे तोवर राहू दे." म्हणून ते जरा कडेला बसतात, मध्यावर भार पडू देत नाहीत.

काका आता काठी टेकत येतात. गल्लीचं टोक तसं लांब नाही, पण त्यांना वेळ लागतो. कधी दुपार होते. तोवर दार उघडं असतं, सूप भट्टीत असतं, आणि मी रिकामी असते. गल्लीतल्या लोकांना हे ठाऊक आहे. भूक लागली तरी ते आत शिरत नाहीत. शिंप्याच्या छपराखाली, काका उभे राहायचे तिथेच, गप्पा मारत उभे राहतात.

तुम्ही कधी या बाजूला आलात आणि दाराजवळ मी रिकामी दिसले, तर एवढंच करा. समोरच्या छपराखाली थोडा वेळ थांबा. शिंप्याकडे स्टूल आहे. काठीचा आवाज येईल, एक म्हातारा माणूस आत शिरेल, बसायच्या आधी वीण चाचपेल. त्यांना बसू द्या, चमचा पुसू द्या. मग तुम्ही या.

भवानी त्यांची आहे.